मागच्या चाकाचा आवाज: आधी मोजा, मग खोला

मागच्या चाकातून आवाज येतोय म्हणून सोसायटीतलं कोणी सायकल घेऊन आलं की मी लगेच पाना काढत नाही. आधी विचारतो, आवाज कधी येतो? "येतो की सारखा," एवढंच उत्तर मिळतं. माझी नोकरी भोसरीत लेथवर गेली. लोखंडातून आवाज लांबवर जातो आणि कान फसतो, हे तिथे रोज बघितलंय. सायकलची फ्रेम म्हणजे पोकळ नळ्याच. पॅडल कुरकुरलं किंवा सीटची नळी कोरडी पडली, तरी आवाज मागून आल्यासारखाच वाटतो. म्हणून आवाज कुठून येतो ते शेवटी बघायचं, आधी कधी येतो ते धरायचं.

सकाळी गाड्या नसताना सपाट रस्त्यावर जा. थोडा वेग घ्या आणि पॅडल मारायचं थांबवा. आवाज तसाच चालू राहिला तर चाक, हब (चाकाचा मधला भाग), ब्रेक किंवा मडगार्ड. बंद झाला तर चेन, फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र), पॅडल किंवा जोर पडल्यावरच हलणारा एखादा सांधा. पॅडल थांबवल्यावर जी कटकट सुरू होते ती फ्रीव्हीलची, ती यायलाच हवी. नव्या गिअरच्या सायकलवाले तिलाच बिघाड समजून येतात.

आता मोजा. ताशी 15 किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण दोनदा फिरतं. टिकटिक त्या तालात असेल, म्हणजे फेरीला एकदा, तर दोष चाकावरच एका जागी आहे. साध्या सायकलला पुढे 44 आणि मागे 18 दाते धरले, तर एका पॅडलफेरीत चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. चेनमध्ये साधारण 110 कड्या असतात, म्हणजे एक अडकलेली कडी अडीच पॅडलफेऱ्यांनी एकदा टचकन वाजते. हे गणित जमलं की अर्धं काम झालं. चेन उलटी हळूहळू फिरवा, अडकलेली कडी फ्रीव्हीलवरून सुटताना सरळ होत नाही, डोळ्याला दिसते. तेल टाकून हाताने डावी-उजवीकडे वाकवली की बहुतेकदा सुटते.

फेरीला एकदा येणारा आवाज शोधायला सायकल स्टँडवर घ्या. आधी टायर बघा, रुतलेला खडा किंवा काच निघाली तर तिथेच विषय संपतो. मग व्हॉल्व्हचा नट, स्पोकवरचा रिफ्लेक्टर, स्पीडोमीटरचं चुंबक. स्टँडवर काहीच वाजत नाही आणि बसल्यावर वाजतं, तर संशय स्पोकवर. जुन्या काळ्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असत, गिअरच्यांना मागे बहुधा 32 किंवा 36. दोन-दोन स्पोक शेजारी धरून चिमटीत दाबत चला. सैल हाताला लगेच कळतो. तुटलेला मागे बहुधा चेनच्या बाजूचा निघतो, कारण त्या बाजूचे स्पोक उभे बसतात आणि त्यांच्यावर ताण जास्त असतो. तो तुटतो हबच्या कानाशी (स्पोक अडकतात त्या कडेशी), वाकलेल्या जागी. रिमकडचं निपल (स्पोकचा छोटा नट) जागेवरच असतं, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. तुटलेला शेजारच्या स्पोकभोवती गुंडाळून हळू घरी या आणि नवा स्पोक टाकून चाकाचा आऊट (डुलणं) काढून घ्या. तसंच चालवत राहिलात तर शेजारचेही जातात.

कुठलाच स्पोक सैल नाही, तरी चढावर कुरकुरतं? स्पोक एकमेकांना ओलांडतात तिथे तेलाचा एकेक थेंब सोडा आणि रिम व ब्रेकची डिस्क पुसून घ्या. पावसाळा सरल्यावर हे फार होतं. कुरकुर गेली तर ती स्पोकचीच होती. नाही गेली तर कॅरिअर, मडगार्ड आणि स्टँडचे नट आवळा. समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलीची सायकल फक्त पुलाच्या चढावर करकरायची. दुकानदाराने तिला नवीन फ्रीव्हील गळ्यात मारलं होतं. दोष कॅरिअरच्या खालच्या बोल्टचा निघाला. अशा दुकानदारांचा मला राग येतो, कारण बोल्ट आवळायचे पैसे घेता येत नाहीत म्हणूनच ते आवळत नाहीत.

कॅसेट (हबवर सरकवून बसवलेला दातेरी चक्रांचा संच) असेल तर तिची वरची, तिला आवळून धरणारी रिंगही बघा. हाताने दाते डावी-उजवीकडे हलवा, खडखड आली तर रिंग सैल आहे. तिला कॅसेटचाच सॉकेट लागतो, तो घ्या, पक्कडीने घालवू नका. फ्रीव्हील फिरताना थोडं डुलणं मात्र चालतं.

पॅडल थांबवूनही घरघर चालूच असेल तर हब. रिम ब्रेकजवळ धरून आडवी हलवा, ठकठक जाणवली तर कोन (हबमधले छर्रे दाबून धरणारा नट) सैल. मग चाक फिरवून सीटच्या नळीवर हात ठेवा. छर्रे खराब असतील तर वाळू दळल्यासारखी थरथर हाताला येते. आमचा कारखान्यातला उपाय याहून भारी: लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) नटावर आणि मूठ कानाशी. फिरणाऱ्या भागाला मात्र टोक लागू द्यायचं नाही. साध्या हबला मागे प्रत्येक बाजूला पाव इंची 9 छर्रे असतात. खोललं की सगळे बदला, जुने-नवे मिसळू नका. कोनवर खड्डे दिसले तर कोनही बदला, नाहीतर नवे छर्रे वाया. आवळताना पातळ कोन पाना हवा, साधा तिथे शिरत नाही.

चाक एकाएकी डुलायला लागलं आणि टायर फ्रेमला घासायला लागला, तर चालवू नका. स्क्रू फ्रीव्हीलच्या (हबवर आट्यांनी बसवलेल्या) गिअर सायकलींत एक्सल फ्रीव्हीलच्या आत तुटतो, कारण तिथे बेअरिंग फ्रेमपासून लांब असतं. क्विक रिलीज (नटाऐवजी खटक्याने चाक आवळणारी लांब सळई) असेल तर तुटलेले तुकडे तसेच धरून राहतात आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

ब्रेकचं थोडक्यात. फेरीला एकदा 'टिंग' म्हणजे डिस्क वाकलेली. सतत घासत असेल तर कॅलिपरचे (डिस्कला दोन्हीकडून चिमटणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट ढिले करून ब्रेक दाबून धरा आणि तसेच आवळा. डिस्क गरम असताना किंवा फिरत असताना बोट लावू नका. साध्या सायकलला चेनकव्हर आत दबून घासत असतं, ते हाताने बाहेर ओढलं की झालं.

राहिलं फ्रीव्हील. त्याची कटकट गप्प झाली तर ते बिघडत चाललंय. आतली कुत्री (दात्यांत अडकून चाक एकाच दिशेला ओढणारे खटके) घट्ट ग्रीस आणि धुळीने चिकटलेली असतात. सायकल आडवी करून फटीतून डिझेल सोडा, फिरवत राहा, काळं पाणी निघून जाऊ द्या, मग पातळ तेल. कटकट परत आली तर ठीक. नाही आली आणि पॅडल अधूनमधून रिकामं फिरायला लागलं, तर त्यावर उभं राहून चढ चढू नका. पॅडल घसरलं तर माणूस थेट हँडलवर आदळतो. नवीन फ्रीव्हील टाका, त्याला पर्याय नाही.