छोट्या खोलीसाठी होम थिएटर घेताय तं आधी हे पाहून घ्या

आपल्या इकडे खोली म्हणजे दहा बाय बाराची आन वर टिन, म्हणून पहिले टेप लावून खोली मोजा आन मंगच दुकानात जा. 5.1 म्हणजे पाच स्पीकर आन एक सबवूफर (जाड घुमणारा आवाज, म्हणजे बास, काढणारा डब्बा), त्यातला सेंटर स्पीकर लय महत्त्वाचा, पिच्चरमधलं बोलणं बहुतेक त्याच्यातूनच येते, तो टीव्हीच्या बरोबर खाली ठेवा. मागचे दोन बसायच्या जागेच्या बाजूला, जरासे मागे, कानाच्या थोडे वर. पण पलंग भिंतीला चिकटून असन तं मागे जागाच नाही राहत, तिथं 3.1 चा साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी, तिच्यात तीन स्पीकर आन संगं एक सबवूफर) घेतलेला बरा, वायरीचा पसाराबी नाही.

डब्ब्यावर हजारो वॅट पीएमपीओ (क्षणभराची फुगवून सांगितलेली ताकद) लिहून असते, त्याच्यावर जाऊ नका, आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) किती ते विचारा. टीव्हीच्या मागे एचडीएमआय एआरसी लिहिलेलं पोर्ट (टीव्हीचा आवाज वायरीनं होम थिएटरकडं नेणारं) आहे का तेबी पाहा, कारण साध्या ब्लूटूथवरून 5.1 येत नाही, दोनच चॅनल, म्हणजे डावा आन उजवा आवाज, येतात.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला का बास फुगते, आमच्या घरी तं पत्रे आन मांडणीवरची भांडी वाजत होती, हातभर पुढे सरकवला, खाली रबरी मॅट टाकली, तवा कुठं आवाज मोकळा झाला.

आन स्टॅबिलायझर लावाच, मोटरपंपाच्या टायमात व्होल्टेज लय खालीवर होते. लाईन जाऊन आली का पाच मिनिटं थांबा, मंगच बटन दाबा.