लोखंड किती ग्रॅम तयार होईल? गणितातल्या या चुका टाळा

रेल्वेचे रूळ जागेवर जोडायला थर्मिट अभिक्रिया वापरतात. १ मोल फेरिक ऑक्साइड आणि २ मोल ॲल्युमिनियम यांपासून २ मोल लोखंड आणि १ मोल ॲल्युमिनियम ऑक्साइड मिळतं. मोलर वस्तुमानं, म्हणजे १ मोलचे ग्रॅम, अनुक्रमे १६०, २७, ५६ आणि १०२.

आता ८० ग्रॅम फेरिक ऑक्साइड आणि ४० ग्रॅम ॲल्युमिनियम घेतलं. लोखंड किती?

बहुतेक जण ग्रॅम बघतात. ४० कमी, म्हणजे ॲल्युमिनियम आधी संपणार, असं धरून उत्तर काढतात ८३ ग्रॅम. अहो, मुळात ऑक्साइडच ८० ग्रॅम! त्यातून ८३ ग्रॅम लोखंड कुठून येईल? आधी मोल काढा: ऑक्साइड ०.५, ॲल्युमिनियम १.४८. अर्ध्या मोलला ॲल्युमिनियम १ मोलच लागतं, म्हणून ऑक्साइड आधी संपतं. तोच लिमिटिंग रिएजंट. लोखंड १ मोल, म्हणजे ५६ ग्रॅम.

पण नुसते मोल बघूनही फसायला होतं. ॲल्युमिनियम २० ग्रॅमच असेल, तर ते ०.७४ मोल भरतं. ०.५ पेक्षा जास्त, म्हणून पुरेल असं वाटतं. लागतं मात्र १ मोल. म्हणून प्रत्येकाचे मोल समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने (त्याच्या आधीच्या आकड्याने; इथे ऑक्साइडचा १, ॲल्युमिनियमचा २) भागा आणि मगच तुलना करा: ०.५ विरुद्ध ०.३७. इथे ॲल्युमिनियम आधी संपतं आणि लोखंड मिळतं साधारण ४१.५ ग्रॅम.

समीकरण संतुलित न करता सुरुवात केली, तर पुढचं सगळंच वाया. सहगुणक २ आहे म्हणून ॲल्युमिनियमचं मोलर वस्तुमान ५४ धरणं आणि वर पुन्हा २ ने गुणणं, हेही नेहमीचंच.

उत्तराची शंका आली तर बेरीज करा. पहिल्या उदाहरणात लोखंड ५६, ॲल्युमिनियम ऑक्साइड ५१, उरलेलं ॲल्युमिनियम १३: एकूण १२०. सुरुवातीलाही ८० अधिक ४०, म्हणजे १२०च. उरलेला पदार्थ बेरजेत धरायला विसरू नका. बेरीज न जुळण्याचं कारण बरेचदा तेच असतं.

प्रयोगशाळेत अवक्षेपाचा (द्रावणातून खाली बसलेल्या घन पदार्थाचा) उतारा, म्हणजे गणिताने येणाऱ्या वजनाच्या तुलनेत प्रत्यक्ष मिळालेलं वजन, १०० टक्क्यांच्या वर गेला, तर गणिताआधी फिल्टर पेपर तपासा. अवक्षेप ओला असतानाच वजन केलं असेल, तर पाणीही मोजलं गेलंय. वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. मोरचूद वापरत असाल तर त्याचं मोलर वस्तुमान २४९.५ धरा, १५९.५ हे पाणी नसलेल्या कॉपर सल्फेटचं आहे.