ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय, मग पेशंट गुंगीत का? या चुका टाळा

जन्मभर पऱ्हाटी-तुराटीचा धूर खाल्लेली आजी किंवा बिडी ओढणारे आजोबा. थंडीत धाप वाढते, घरी सिलिंडर येतो आणि कोणीतरी चावी ८ लिटरवर फिरवतं. आकडा ८४ वरून ९८ वर गेला की घरचे निर्धास्त. सकाळी मात्र पेशंट हलवूनही नीट जागा होत नाही.

ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. तो छातीतून बाहेर पडला नाही की रक्तातलं आम्ल वाढतं आणि पीएच (रक्तातलं आम्ल दाखवणारा आकडा, आम्ल वाढलं की तो उतरतो) ७.३५ च्या खाली येतो. जुन्या सीओपीडीत (धूर-बिडीने श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार) जादा ऑक्सिजनने हे आणखी बिघडतं. अशा पेशंटसाठी ८८ ते ९२ पुरे. नाकातल्या नळीने १-२ लिटरपासून सुरुवात करा. गुंगी दिसताच घाबरून नळीच काढू नका, ऑक्सिजन धोकादायक खाली कोसळतो. प्रवाह हळूहळू कमी करा आणि १०८ बोलवा.

सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग, असंबद्ध बोलणं, हात पुढे धरले की पंजे फडफडणं ही कार्बन डायऑक्साइड साचल्याची लक्षणं. 'रात्रभर झोप नाही' म्हणून झोपेची गोळी दिली तर उरलासुरला श्वासही मंदावतो. 'ॲसिड वाढलं' ऐकून खायचा सोडा पाजणारेही भेटतात. हे पोटातलं ॲसिड नव्हे. शिवाय सोड्यापासून कार्बन डायऑक्साइडच तयार होतो.

मण्यार चावली किंवा फवारणीचं औषध अंगात भिनलं तर श्वासाचे स्नायू थकतात. पेशंटला एका श्वासात आकडे मोजायला लावा. दर वेळी मोजणी आखूड होत गेली तर नुसता ऑक्सिजन पुरणार नाही, अंबू बॅगने (हाताने दाबून छातीत हवा भरायची पिशवी) श्वास देण्याची तयारी हवी.

भीतीने भराभर श्वास घेणाऱ्याचं उलट होतं: कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठ-बोटांना मुंग्या येतात, पंजे आखडतात. तोंडाला पिशवी लावू नका. सावकाश श्वास सोडायला सांगा. पण आधी ताप, छातीतलं दुखणं आणि साखर तपासा. साखर खूप वाढलेल्याचा खोल, जोरकस श्वास हा शरीराचा बचाव असतो, तो दाबायचा नाही.

एबीजीचं (धमनीच्या रक्तातले वायू आणि पीएच मोजायची तपासणी) रक्त हेपरिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) सिरिंजमध्ये घ्या, हवेचा बुडबुडा लगेच काढा, ऑक्सिजन किती लिटर चालू होता ते लिहा. तपासणी अर्ध्या तासात व्हायला हवी. म्हणून तालुक्याहून जिल्ह्याला नमुना नको, पेशंटच पाठवा.