सहा सिलिंडरची स्पोर्ट्स सेडान मुंबईत चालवताय? या चुका टाळा

सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा मोठा गुण म्हणजे ते थरथरत नाही. १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४ असे पिस्टन जोडीजोडीने वर-खाली होतात, १-५-३-६-२-४ या क्रमाने दर १२० अंशांना ठिणगी पडते, आणि एकाचा धक्का दुसरा जागच्या जागी जिरवतो. मालकाचा घातही नेमका इथेच होतो. चार सिलिंडरच्या गाडीत जो बिघाड स्टिअरिंग हलवून ओरडतो, तो इथे कुजबुजतो. गाडी मस्त चाललीय म्हणून सगळं ठीक आहे, हे गणित या इंजिनाला लागू होत नाही.

पुढचं बहुतेक बीएमडब्ल्यूच्या गाड्यांबद्दल आहे. मुंबईत सहा सिलिंडरच्या स्पोर्ट्स सेडान म्हटलं की मुख्यतः याच: जुन्या ३ आणि ५ सिरीजमधलं टर्बो नसलेलं एन५२ इंजिन, मधल्या पिढीचं एन५५, आणि २०२१ साली भारतात आलेल्या एम३४०आयमधलं २,९९८ सीसीचं बी५८.

मिसिंगला ‘पेट्रोल खराब असेल’ म्हणणं

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. एक सिलिंडर मेलं तरी पाच चालू असतात. सिग्नलला उभं असताना सीटला बारीकशी टिचकी बसल्यासारखं वाटतं, एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की ती थोडी वाढते, बस. बरेच जण असेच महिनाभर फिरतात. तोवर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) भाजून काढतं. कॉइलच्या (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) किमतीचं काम मग कन्व्हर्टरच्या किमतीवर जातं. चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजला न्या. लुकलुकत असेल तर जोर देऊ नका, शक्य तितक्या लवकर थांबा.

शोधायची पद्धत सोपी आहे आणि तिला नवा पार्ट लागत नाही. स्कॅनरवर, म्हणजे बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, समजा पी०३०३ आला, म्हणजे तिसरं सिलिंडर (मोजणी रेडिएटरच्या बाजूने). इंजिन थंड करा, इग्निशन बंद करा. तिसऱ्याची कॉइल पाचव्यावर आणि पाचव्याची तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, दहा-पंधरा मिनिटं चालवा. कोड पी०३०५ झाला तर कॉइल गेली. तिसऱ्यावरच राहिला तर प्लग तसेच बदलून बघा. तरीही तिथेच असेल तर इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. हे न करता सहाच्या सहा कॉइल बदलून देणारं गॅरेज तुमच्या पैशाने अंदाज बांधतंय.

कॉइल काढली की प्लगच्या विहिरीत टॉर्च मारा. तळाला ऑइल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळतंय, नवी कॉइलही त्यात भिजून जाणार. आधी गॅस्केट, मग कॉइल. एन५२ आणि एन५५चे १२ मिलिमीटर आट्यांचे प्लग २३ न्यूटन-मीटरला आवळतात. टॉर्क रेंच (जोर मोजून आवळणारा पाना) नसेल तर हे काम करू नये, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. टर्बो इंजिनात ५०,००० किमीच्या आसपास प्लग बदललेले बरे. कंपनीचा आकडा जास्त असतो, पण आपलं निम्मं आयुष्य पहिल्या गिअरमध्ये जातं.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

‘मुंबईत थंडी कुठे असते, थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गरमच होणार नाही.’ थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह, आणि हा सल्ला जुन्या गाड्यांच्या जमान्यातला आहे. एन५२चा थर्मोस्टॅट कॉम्प्युटर चालवतो. हलक्या भाराला तो पाण्याचं तापमान मुद्दाम १०० अंशांच्या वर ठेवतो, जोर दिला की ८०च्या दिशेने उतरवतो. तो काढला तर इंजिन कायम अर्धवट गरम राहतं, मिश्रण घट्ट होतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधली ओल उडत नाही, आणि कोड येतो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पंपाची. एन५२ आणि एन५५मध्ये तो पट्ट्यावर नाही, विजेवर चालतो. गाडी बंद केल्यावर बोनेटखाली गुणगुणल्यासारखा आवाज येत राहिला तर वायरिंगमध्ये घोटाळा आहे असं समजू नका; पंप उरलेली उष्णता काढतोय. मात्र हा पंप जाताना आधी गळत नाही, खडखडत नाही. चालता चालता बंद पडतो आणि स्क्रीनवर तापमानाचा इशारा येतो. लाख किमीच्या पुढे जुना पंप असेल तर थर्मोस्टॅटसकट बदलून टाका. दोन्ही शेजारी-शेजारी आहेत, मजुरी एकदाच लागते.

पंप नवा बसवल्यावर गाडी परत गरम होते, ही तक्रार गॅरेजमध्ये नेहमीची. बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते. साध्या गाडीसारखं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करून ती निघत नाही. क्रम असा:

१. बॅटरीला चार्जर लावा. पुढची बारा मिनिटं पंप तिच्यावरच चालणार आहे.
२. टाकीत मॅक्स खुणेपर्यंत कूलंट भरा, झाकण लावा.
३. इग्निशन चालू करा, इंजिन नाही. हीटर सगळ्यात गरम, ब्लोअर सगळ्यात कमी.
४. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दहा सेकंद दाबून सोडा.
५. पंप आपोआप सुरू होईल, वेग बदलत साधारण बारा मिनिटं चालेल आणि थांबेल. मध्ये इंजिन चालू करायचं नाही.
६. पातळी बघून परत भरा. खूप उतरली असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं. नळाचं पाणी नाही, पिण्याचं बाटलीतलंही नाही. त्यातले क्षार जाळ्यांत बसतात. निळं आणि हिरवं कूलंट एकत्र करू नका. टाकीत आधी कोणतं आहे ते बघूनच वरून घाला. आणि मे महिन्यात जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) तापमान चढू लागलं तर पंपाला दोष देण्याआधी एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरमधली फट बघा. धूळ, पानं, मेलेले किडे यांचा नमदा तयार झालेला असतो. इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर लावलात तर जाळीच्या पाती वाकतील.

गळतीकडे कानाडोळा, आणि मिळेल तो बोल्ट

ऑइल फिल्टर ज्या हाउसिंगवर बसतो, त्याचं गॅस्केट वयाने कडक होतं आणि गळू लागतं. थेंब थेट पट्ट्यावर पडतात. ऑइलने फुगलेला पट्टा फाटतो आणि त्याचे दोरे क्रँकच्या पुढच्या सीलमधून इंजिनाच्या आत ओढले जाऊ शकतात. मग ऑइल पॅन उतरवावा लागतो. गॅस्केट स्वस्त आहे, हे सगळं महाग आहे. गाडी थांबल्यावर जळका वास येत असेल तर तो व्हॉल्व्ह कव्हरचा. तिथलं ऑइल एक्झॉस्टवर पडतं.

एन५२चा ब्लॉक बाहेरून मॅग्नेशियमचा आहे. त्याला लागणारे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि एकदाच वापरायचे असतात. तुटला म्हणून लोहार चाळीतल्या दुकानातून स्टीलचा आणून लावला तर दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत तो जोमाने वाढतो. कामाला देतानाच विचारा: बोल्ट नवे येणार आहेत ना?

ऑइल ‘अंदाजाने’ भरणं

या इंजिनांना ६.५ लिटर ऑइल लागतं. एक-एक लिटरचे सात डबे आणले की सातवा पूर्ण ओतायचा मोह होतो. एन५२पासून पुढे बहुतेक गाड्यांना डिपस्टिकच नाही, त्यामुळे चूक दिसतही नाही. पातळी स्क्रीनवर बघायची: इंजिन गरम, गाडी सपाट जागी, चालू ठेवून मिनिटभर थांबायचं. सोसायटीच्या पोडियम रॅम्पवर किंवा स्टॅक पार्किंगच्या तिरक्या पाळण्यात घेतलेलं रीडिंग धरू नका.

ऑइलची तब्येत बिघडते ती छोट्या फेऱ्यांनी. दादर ते लोअर परळ जाईपर्यंत पाणी गरम होतं, ऑइल होत नाही. त्याला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ओल आणि पेट्रोल ऑइलमध्येच मुरतं, आणि भरायच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर दिसतो. तो दिसला की लगेच हेड गॅस्केट गेलं म्हणू नका. आधी कूलंटची पातळी आठवडाभर बघा. ती स्थिर असेल तर गाडीला फक्त लांब चालवायची गरज आहे. अटल सेतू २१.८ किमीचा आहे, वेगमर्यादा १००. एम३४०आय त्या वेगाला आठव्या गिअरमध्ये जेमतेम दीड हजार आरपीएमवर डुलकी काढते. पाचव्यात ठेवा, तीन हजारांच्या आसपास. दहा-बारा मिनिटांत ऑइल नीट तापतं. आठवड्यातून एकदा पुरे. आणि स्क्रीन काहीही म्हणो, ऑइल दहा हजार किमी किंवा वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदला. बी५८ची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. घाणेरड्या ऑइलने ती झिजवली तर तिथे पोचायचा खर्च विचारूच नका.

चालवण्यातल्या चुका

ऑइल ८० अंशांपर्यंत जाईस्तोवर तीन हजारांच्या वर जायचं नाही. बिल्डिंगच्या गेटबाहेर पडताच स्पोर्ट मोड आणि एक्झॉस्टचा आवाज, हे शेजाऱ्यांसाठी असतं, इंजिनासाठी नाही.

एन५२ला ‘पिकअप नाही’ म्हणणारे बहुधा ते टर्बोसारखं चालवतात. ३३०आयमधलं २५८ अश्वशक्तीचं एन५२ पूर्ण ताकद ६,६०० आरपीएमला देतं. अडीच हजारांवर जोर लावून वाट बघण्यात अर्थ नाही, दोन गिअर खाली घ्या. बी५८चं उलट: ५०० न्यूटन-मीटर दोन हजारांच्या अलीकडेच हातात येतात. म्हणून ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना पाय हळू. एम३४०आय चारही चाकांवर चालते, पण झुकाव मागच्या चाकांकडे आहे. जूनच्या पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास, रस्त्यावर साठलेलं ऑइल वर आलेलं असतं तेव्हा, कोस्टल रोडच्या उतारांवर हे लगेच कळतं.

पाणी साचलेल्या सबवेत किंवा सखल रस्त्यात घुसू नका. मिलन सबवे, अंधेरी सबवे, हिंदमाता: एसयूव्ही गेली म्हणून सेडान जात नाही. शांत पाणी २५ सेंटीमीटरपर्यंत, चालण्याच्या वेगाने, ही हद्द. समोरून येणाऱ्या बसची लाट ती क्षणात ओलांडते. गाडी पाण्यात बंद पडली तर परत स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. फ्लॅटबेड बोलवा, प्लग काढून पाणी बाहेर घालवा, ऑइल आणि एअर फिल्टर बदला, मगच स्टार्टर. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर पावसाळ्याआधीच घेतलेलं असावं. साध्या पॉलिसीत असं नुकसान बसत नाही.

खड्ड्यात एक टायर फुटला आणि एकच नवा घातला, हेही चार चाकांवर चालणाऱ्या गाडीत महागात पडतं. झिजलेल्या आणि नव्या टायरचा घेर वेगळा, त्यामुळे ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) क्लच सतत घासत राहतो. कंपनी आणि डिझाइन तेच, आणि निदान जोडी बदला.

गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभराचं’ असतं असं सांगितलं जातं. एम३४०आयमधल्या आठ गिअरच्या बॉक्सचा निर्माता झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षं असं सांगतो. फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच आहे, म्हणून पॅनच नवा येतो. पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना बघतात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ऑइल उभ्या गाडीतच तीसच्या वर असतं, त्यामुळे हे काम सकाळी पहिलं घ्यायला सांगा.