घरातली लपलेली बुरशी: डीएनए चाचणीसाठी धूळ कशी गोळा करावी, अहवाल कसा वाचावा

भिंतीवर बुरशी डोळ्यांना दिसत असेल, तर चाचणीवर खर्च करू नका. तिची जात कळली तरी काम तेच राहतं: पाणी कुठून येतंय ते शोधायचं, ते थांबवायचं आणि भिजलेला भाग साफ करायचा किंवा काढून टाकायचा. खोलीत कुबट वास आहे, पूर्वी गळती होऊन गेली आहे, पण डाग कुठेच सापडत नाही, अशा वेळी डीएनए चाचणी कामाला येते.

हवेच्या नमुन्यात काही मिनिटांची हवा पकडली जाते. धुळीत कित्येक आठवड्यांचे बीजाणू साठलेले असतात. प्रयोगशाळा धुळीतून डीएनए वेगळा काढते आणि क्यूपीसीआर पद्धतीने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवत वाढवत, एकेका जातीचं प्रमाण मोजते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतल्या संशोधकांनी त्यासाठी 36 जातींची यादी ठरवली. त्यातल्या 26 पाण्याने खराब झालेल्या घरांत जास्त आढळतात, 10 कोणत्याही घरात सापडतात. या यादीवर आधारलेला निर्देशांक म्हणजे ‘एर्मी’.

नमुना घेताना

बहुतेक चाचण्या इथेच फसतात. नुकतीच साफसफाई केली असेल तर धूळ पुरत नाही, म्हणून काही आठवडे थांबा. उलट कपाटाच्या माथ्यावर वर्षानुवर्षं साचलेली धूळ घेतली, तर जुन्या, कधीच दुरुस्त झालेल्या गळतीची बुरशी आजची म्हणून मोजली जाईल. दाराजवळची धूळही टाळा; चपला-बुटांबरोबर बाहेरच्या मातीतली बुरशी तिथे येते.

मूळ पद्धतीत बैठकीच्या खोलीत 2 चौरस मीटर आणि झोपण्याच्या खोलीत 2 चौरस मीटर जमीन प्रत्येकी 5 मिनिटं व्हॅक्युमने ओढतात. धूळ साठवणारी छोटी डबी नळीच्या तोंडाशीच बसवलेली असते, त्यामुळे यंत्रातली जुनी धूळ मिसळत नाही. घरच्या व्हॅक्युमची भरलेली पिशवी पाठवणं म्हणूनच चुकीचं. कापडाने पुसून नमुना घ्यायचा असेल तर कापड कोरडंच हवं. ओल्या कापडावर वाटेतच बुरशी वाढते आणि ब्लीचने डीएनए तुटतो. हातमोजे घाला, नमुना लगेच बंद करा, त्यावर जागा आणि तारीख लिहा. धूळ चाळून घेतल्यावर तपासणीला फक्त 5 मिलिग्रॅम लागते.

संशय एकाच खोलीवर असेल, तर तिचा नमुना वेगळा द्या. सगळ्या घराची धूळ एकत्र केली की त्या खोलीची बुरशी बाकीच्या धुळीत विरून जाते.

अहवाल वाचताना

प्रत्येक जातीच्या आकड्याचा लॉगॅरिदम घेतात, म्हणजे 100 चे 2 होतात आणि 1000 चे 3. पहिल्या गटाच्या (26 जाती) बेरजेतून दुसऱ्या गटाची (10 जाती) बेरीज वजा केली की निर्देशांक मिळतो. ही वजाबाकी चकवा देऊ शकते. एका घरात बेरजा 8 आणि 3 आल्या, निर्देशांक 5. दुसऱ्या घरात 14 आणि 10, निर्देशांक 4. आकडा दुसऱ्याचा लहान, पण ओलीची बुरशी तिथेच कितीतरी जास्त! म्हणून अंतिम आकड्यावर थांबू नका, जातींचा तक्ता मागून घ्या.

त्या तक्त्यातून पाण्याचा माग लागतो. स्टॅकिबॉट्रिस चार्टारम आणि किटोमियम ग्लोबोसम यांना सतत भिजलेला कागद, पुठ्ठा किंवा जिप्सम बोर्ड लागतो. त्या भरपूर असतील तर पाइप, छत आणि पार्टिशनची आतली बाजू तपासा. वॅलेमिया सेबी आणि अ‍ॅस्परजिलस पेनिसिलिऑइडिस यांना नुसती दमट हवा पुरते. तिथे गळती शोधत बसण्याआधी वायुवीजन सुधारा आणि आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली आणा.

मेलेल्या बुरशीचा डीएनएही मोजला जातो, त्यामुळे वाढ आज चालू आहे की थांबलीय हे अहवालातून कळत नाही. शिवाय ही मोजपट्टी अमेरिकन घरांवरून बेतलेली आहे. दुसऱ्या हवामानात तिचे ‘कमी-जास्त’ तसेच लागू होत नाहीत. पर्यावरण संरक्षण संस्था स्वतः ‘एर्मी’ला संशोधनाचं साधन मानते आणि घरांच्या नेहमीच्या तपासणीसाठी त्याची शिफारस करत नाही. आजारपणाचं निदान तर यावरून करूच नका.

दुरुस्तीनंतर पुन्हा तपासायचं असेल, तर आधी घर नीट साफ करा, नवी धूळ बसायला चार ते सहा आठवडे द्या, आणि नमुना त्याच जागांवरून, त्याच पद्धतीने घ्या. एकदा व्हॅक्युम आणि एकदा कापड वापरलं, तर दोन अहवालांची तुलना होत नाही.