वाचकांच्या ग्रुपवरचे वाद : या चुका टाळा

‘काय गा, हे काय सांगूलालायस?’

आमच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका काकांनी एवढंच लिहिलं आणि पुण्याचे एक सदस्य त्याच रात्री ग्रुप सोडून गेले. चर्चा एका कथेच्या शेवटावर चालली होती. काकांना तो शेवट पटला होता, पुण्याच्या सदस्यांना नव्हता. पण ते गेले ‘गा’ या एका अक्षरामुळं. आमच्याकडे बसमध्ये, शेतावर, चहाच्या टपरीवर आपल्या माणसाला ‘गा’ म्हणूनच हाक मारतात. पुण्याच्या कानाला ते हलक्यात काढल्यासारखं लागलं.

सहा वर्षं मी हा ग्रुप सांभाळते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि मधली खेडी मिळून साठेक माणसं, शिवाय बाहेरगावची काही. मराठी पुस्तकावर मनापासून बोलणारा एक माणूस इथं तुटला, की त्याच्या जागी दुसरा लवकर मिळत नाही. म्हणून आमच्या हातून झालेल्या चुका लिहून ठेवते.

बोली नुसती डोळ्यांनी वाचणं

लिहिलेल्या मेसेजला आवाज नसतो. ‘सांगूलालायस’ ऐकताना त्यातलं हसू कळतं, स्क्रीनवर ते दिसत नाही. वाक्य खटकलं तर उत्तर टाइप करण्याआधी त्या माणसाला फोन करा किंवा व्हॉइस मेसेज मागा. आमचे निम्मे रुसवे तिथंच मिटले.

उलट बाजूनं होणारी चूक मला जास्त लागते. ‘इथं प्रमाण मराठीतच लिहा’ असा नियम काही जण सुचवतात. तो मी कधीच मान्य करणार नाही. ही आमच्या घरची मराठी आहे. ती पुस्तकावरच्या चर्चेत चालणार नसेल, तर ती बोलणारी माणसं चर्चेत येणार कशी?

मत सोडून शुद्धलेखन धरणं

खानापूर तालुक्यातली एक मुलगी. घर मराठी, शाळा कन्नड. चर्चेला ठेवलेल्या एका कवितेवर तिनं लिहिलं, ‘हा कवि मला पटला नाहि.’ दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं : ‘कवी. नाही. दोन्ही दीर्घ.’ पाठोपाठ तीन अंगठे. का पटला नाही, हे कुणीच विचारलं नाही. पुढं चार महिने तिचा एकही मेसेज आला नाही.

यात समजून घेण्यासारखं काही आहे. कन्नडात ‘कवि’ ऱ्हस्वच लिहितात. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, पण ‘कविता’ म्हटलं की तोच वि पुन्हा ऱ्हस्व. दोन लिप्या सांभाळणाऱ्या मुलीचा इथं गोंधळ होणं साहजिक आहे. शिवाय साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले. त्याआधीची मराठी पुस्तकं उघडून बघा, तीही ‘कवि’च छापत.

पुढं ती आमच्या महिन्याच्या बैठकीला आली तेव्हा मी विचारलं. म्हणाली, ‘कवितेतली आई सगळं सोसते म्हणून कवी तिला मोठी म्हणतो. तिला स्वतःला काय पाहिजे होतं, ते एका ओळीतपण नाही.’ त्या वर्षात आमच्या ग्रुपवर इतकं नेमकं दुसरं कुणी बोललं नव्हतं, आणि आम्ही ते दोन वेलांट्यांपायी गमावणार होतो.

तेव्हापासून आमच्याकडे एक शिस्त आहे. आधी मताला उत्तर द्यायचं. शुद्धलेखन सांगायचं तर खाजगीत, आणि समोरच्यानं विचारलं तरच. ज्याला आपला मेसेज स्वतः नीट करायचा असेल, त्याच्या हातात पंधरा मिनिटं असतात. तेवढ्या वेळात तो दुरुस्त करता येतो.

पुस्तकावरचा वाद सीमेवर नेणं

एकानं कन्नडातून अनुवादित झालेली कादंबरी आवडल्याचं लिहिलं. तिसऱ्या मेसेजला ज्ञानपीठांची मोजणी सुरू झाली, कन्नडला आठ, मराठीला चार. दहाव्या मेसेजला त्या माणसाला ‘फितूर’ म्हटलं गेलं. कादंबरीतल्या एकाही पात्राचं नाव तोवर कुणी घेतलं नव्हतं.

सीमाप्रश्नाचं दुःख खरं आहे, आणि ते साहित्याच्या बाहेर ठेवा असं मी इथल्या माणसाला सांगू शकत नाही. १९४६ साली याच बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि ती सल घराघरांत राहिली. पण धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरी मराठी बोलत. त्यांनी कन्नडात कविता लिहिली आणि १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. मोजणीच्या कुठल्या रकान्यात त्यांना बसवायचं?

असं काही सुरू झालं की मी एकच प्रश्न टाकते, ‘कुठल्या पानावर?’ आवडलं असो वा नसो, ओळ किंवा पान दाखवायचं. ज्यानं पुस्तक वाचलंय तो पान शोधायला लागतो, न वाचलेला थांबतो. सीमाप्रश्नावर बोलायचं असेल तर त्यासाठी वेगळा दिवस ठरवतो आणि त्या दिवशी मोकळेपणानं बोलतो. १ नोव्हेंबर आणि १७ जानेवारीच्या, म्हणजे सीमालढ्यातल्या हुतात्मा दिनाच्या, आसपास नवं पुस्तक चर्चेला ठेवत नाही. मनं आधीच भरलेली असतात.

कुसुमाग्रज किंवा पु. लं.च्या नावावर भलत्याच ओळी फिरतात, त्यावरूनही खटके उडतात. पाठवणाऱ्याला खोटारडा म्हणू नका. ‘कुठल्या पुस्तकात आहे?’ एवढं विचारलं की पुरतं.

ॲडमिननं तोंड बंद करणं

फक्त ॲडमिनच लिहू शकतील अशी सोय मी एकदा रात्री दहाला सुरू केली. सकाळपर्यंत त्याच भांडणाचे दोन वेगळे ग्रुप तयार झाले होते, आणि दोन्हीकडं एकेकाच बाजूची माणसं. आता मी तसं करत नाही. दोघांना वेगवेगळा फोन करते. दुसऱ्या दिवशी ज्याचं चुकलं त्यानं ग्रुपवरच लिहावं असं सांगते, कारण अपमान सगळ्यांसमोर झालेला असतो. ‘कुणाला वाईट वाटलं असेल तर क्षमस्व’ ही माफी चालत नाही. कुणाला काय बोललो ते नाव घेऊन लिहावं.

गेलेल्या माणसाला नुसती ग्रुपची लिंक पाठवू नका. तो ती उघडत नाही. दोन-तीन दिवसांत फोन करा आणि त्याचं कुठलं म्हणणं अर्धवट राहिलं ते विचारा. पुण्याच्या सदस्यांना येळ्ळूरच्या काकांनी स्वतः फोन केला. आधी ‘गा’चा अर्थ सांगितला, मग कथेच्या शेवटावर अर्धा तास बोलले. त्या संध्याकाळी ते सदस्य ग्रुपवर परत आले. पहिल्याच मेसेजमध्ये त्यांनी पान क्रमांक दिला होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘काका, हा परिच्छेद वाचा आणि मग सांगा.’