क्रॉलस्पेसमधल्या डक्टना इन्सुलेशन कसे करावे

महाराष्ट्रात घराचे जोते दगड, मुरूम आणि मातीने भरून, चोपून, त्यावर फरशी बसवण्याची रीत आहे. त्यामुळे पायाखाली पोकळी असू शकते ही कल्पनाच सहसा आपल्या मनात नसते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॅली आणि केरीच्या परिसरात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र ‘क्रॉलस्पेस’ हा शब्द लवकरच ओळखीचा होतो. लाकडी तुळयांवर उभ्या असलेल्या तळमजल्याखालची, माणूस रांगत किंवा सरपटत जाऊ शकेल एवढीच ही जागा असते. याच अंधाऱ्या, मातीच्या जागेतून घर गरम आणि थंड करणाऱ्या हवेचे डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या रुंद नळ्या, जातात, आणि दिसत नसल्यामुळे वर्षानुवर्षे त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

या डक्टना इन्सुलेशन करायचे, म्हणजे उष्णता अडवणारी लपेट चढवायची, ती विजेचे बिल कमी करण्यासाठी असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही, पण या प्रदेशात तो अपुरा आहे. उन्हाळ्यात एअर कंडिशनरमधून निघणारी हवा साधारण 55 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 13 अंश सेल्सिअस असते. त्याच वेळी बाहेरच्या दमट हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो, 70 अंश फॅरनहाइटच्या वर असतो. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून जसे पाणी सुटते तसेच उघड्या किंवा अर्धवट गुंडाळलेल्या डक्टच्या पत्र्यालाही सुटते. ते पाणी फायबरग्लासमध्ये, म्हणजे काचतंतूंच्या लपेटीत, मुरते, तुळयांवर ठिबकते, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत बुरशी, कुजके लाकूड आणि घरात येणारा ओलसर वास अशा रूपांनी प्रकट होते. म्हणून डक्ट कोरडा ठेवणे हे या कामाचे पहिले उद्दिष्ट मानावे. ऊर्जेची बचत त्यासोबत आपोआप होते.

कामासाठी एप्रिल किंवा ऑक्टोबर हे महिने उत्तम. खाली उतरण्यापूर्वी दारातूनच मोठ्या दिव्याच्या उजेडात पाहणी करावी. पाणी साचलेले असेल, किंवा विजेची तार लोंबकळताना दिसत असेल, तर आत जाऊ नये. लांब बाह्यांचा अंगरखा, जाड हातमोजे, बंद गॉगल आणि एन-95 मास्क आवश्यक आहेत. या भागात कॉपरहेड साप आणि ब्लॅक विडो कोळी क्रॉलस्पेसमध्ये आढळतात. त्यामुळे जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालू नये, आणि आपण खाली आहोत हे घरातल्या एका माणसाला माहीत असावे. घर 1980 पूर्वीचे असेल आणि सांध्यांवर पांढरी, कागदासारखी पट्टी किंवा जुनी पांढरट लपेट असेल, तर तिच्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता आहे. ती खरवडू नये, ओढू नये. परवानाधारक तज्ज्ञाकडून आधी तपासून घ्यावी.

आता डक्ट ओळखावेत. कपडे वाळवणाऱ्या यंत्राचा आणि बाथरूमच्या पंख्याचा पाइप दिसायला सारखे असले तरी ते या व्यवस्थेचे भाग नाहीत. राहतात ते पुरवठ्याचे आणि परतीचे डक्ट. पुरवठ्याचे डक्ट घर गरम-थंड करणाऱ्या यंत्रातली हवा खोल्यांत नेतात, परतीचे ती पुन्हा यंत्राकडे आणतात. पत्र्याच्या डक्टवर बोटाने टकटक करून पाहावे. आवाज खणखणीत न येता बद्द आला, तर इन्सुलेशन बहुधा आतल्या बाजूने बसवलेले आहे, आणि तिथे बाहेरून नवे गुंडाळण्याची घाई करू नये.

यापुढचा क्रम बदलू नये: आधी गळती बंद करणे, मगच इन्सुलेशन. एनर्जी स्टार या सरकारी कार्यक्रमाच्या म्हणण्यानुसार सर्वसाधारण घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी 20 ते 30 टक्के हवा भोके, फटी आणि निसटलेल्या सांध्यांतून वाया जाते. फायबरग्लास हवा अडवत नाही, तो केवळ उष्णता अडवतो. गळक्या सांध्यावर लपेट चढवली की थंड हवा तिच्यातून झिरपत राहते, वरची फॉइल थंड पडते आणि तिच्यावर पाणी जमते. परतीच्या डक्टची गळती आणखी घातक असते, कारण तिथे हवेचा दाब कमी असल्याने क्रॉलस्पेसमधली हवा, तिच्यातली ओल, बुरशीचे कण आणि जमिनीतून येणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायूसुद्धा आत ओढला जाऊन थेट शयनगृहात पोचतो. गॅसवर चालणारा वॉटर हीटर किंवा भट्टी खालीच असेल, तर या ओढीमुळे धूर उलटा फिरण्याचा धोका असतो. अशा घरात काम झाल्यावर यंत्राची तपासणी करून घ्यावी आणि वर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावाच.

गळती शोधण्यासाठी पंखा चालू ठेवून प्रत्येक सांध्याभोवती ओला हात किंवा उदबत्तीचा धूर फिरवावा. सर्वांत मोठ्या फटी बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडतात: यंत्राला लागून असलेल्या मोठ्या पेटीच्या, म्हणजे प्लेनमच्या कडांना, मुख्य डक्टमधून फांदी निघते तिथे, आणि डक्टचे तोंड जमिनीच्या फळ्यांना मिळते तिथे. या शेवटच्या जागेकडे बहुधा दुर्लक्ष होते, पण ती वरून, जाळी काढूनसुद्धा बंद करता येते.

फटी बुजवण्यासाठी मॅस्टिक वापरावे. हे घट्ट लेपासारखे असते, बादलीत मिळते आणि ब्रशने लावता येते. बादलीवर ‘यूएल 181’ या डक्टच्या साहित्यासाठीच्या मानकाचा उल्लेख आहे ना, ते पाहावे. ज्या कापडी, रबरी गोंदाच्या चिकटपट्टीला सगळे ‘डक्ट टेप’ म्हणतात, ती डक्टसाठी वापरू नये. लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेत 1998 साली वेगवेगळ्या पट्ट्या आणि लेप उष्णता व दाबाखाली तपासले गेले, तेव्हा हीच पट्टी टिकली नाही. सैल सांध्याला आधी किमान तीन पत्र्याचे स्क्रू समान अंतरावर मारावेत, धूळ आणि तेलकटपणा पुसावा, आणि मग पाच सेंटच्या नाण्याच्या जाडीचा, म्हणजे सुमारे 2 मिलिमीटरचा थर द्यावा. पाव इंचाहून मोठी फट असल्यास मॅस्टिकमध्ये फायबरग्लासची जाळीपट्टी दाबून वरून दुसरा हात द्यावा. लेप पूर्ण वाळण्यासाठी एक दिवस थांबावे. घाईने ओल्या मॅस्टिकवर लपेट चढवली तर ओल आतच अडकते.

दुसऱ्या दिवशी इन्सुलेशन. घराच्या वातानुकूलित भागाबाहेरून जाणाऱ्या, तीन इंच किंवा त्याहून मोठ्या व्यासाच्या डक्टसाठी ऊर्जा-बचतीच्या आंतरराष्ट्रीय नमुना संहितेत आर-8 ही पातळी सांगितली आहे; आर हे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचे माप आहे, आकडा मोठा तितका अडसर जास्त. दुकानात फॉइल लावलेल्या फायबरग्लासची गुंडाळी घेताना बसवल्यानंतरचे आर-मूल्य वाचावे, कारण दाबल्यावर मूल्य घटते. पातळ बबल-फॉइल हाताळायला सोपी आणि स्वस्त असते, पण पत्र्याला चिकटवून गुंडाळली की तिच्यापासून मिळणारा अडसर फारच थोडा असतो. तिच्यावर पैसे खर्च करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

लांबी कापताना पुष्कळांची चूक होते. 8 इंच व्यासाच्या गोल डक्टचा परीघ सुमारे 25 इंच असतो, पण 3 इंच जाडीच्या लपेटीचा बाहेरचा परीघ त्याहून बराच मोठा होतो. जाडी एक चतुर्थांशाने दबेल असे धरले आणि दोन इंच एकमेकांवर चढवण्यासाठी ठेवले, तर सुमारे 42 इंचांचा तुकडा लागतो. 27 इंच कापून ओढून बसवले तर फायबरग्लास चेपून कागदासारखा होतो आणि नेमक्या तिथेच पत्रा घामेजतो.

फॉइलची बाजू बाहेर ठेवावी. दमट हवा बाहेर आहे, म्हणून तिला अडवणारा पडदाही बाहेरच हवा, आणि तो सलग हवा. कडेच्या दोन इंचांच्या पट्टीवरचा फायबरग्लास सोलून फक्त फॉइल दुसऱ्या कडेवर चढवावी, बाहेरच्या बाजूला वळणाऱ्या स्टेपल मारून ती धरावी, आणि मग संपूर्ण सांधा, स्टेपलच्या प्रत्येक भोकासह, यूएल 181 फॉइल टेपने किंवा मॅस्टिकने बंद करावा. पहिल्या वेळी मी डक्टच्या खालच्या बाजूची शिवण, हात पोचत नाही म्हणून, केवळ स्टेपलवर सोडली होती. पुढच्या जुलैत त्या सरळ रेषेतच लपेट ओली होऊन लोंबू लागली आणि सहा फुटांचा भाग काढून टाकावा लागला. डक्टला टांगणाऱ्या पट्ट्यांपाशी, वळणांवर आणि फांद्यांच्या मुळाशीही पडदा तुटू देऊ नये.

जुनी लपेट कोरडी आणि शाबूत असेल तर तिच्यावर नवा थर चालतो. ओली, काळी पडलेली किंवा उंदरांनी घर केलेली लपेट मात्र पिशवीत भरून बाहेर काढावी.

लवचिक डक्टला वेगळी लपेट सहसा लागत नाही. त्याच्या अंगातच आतली नळी, फायबरग्लास आणि बाहेरचे प्लॅस्टिकचे आवरण असते. तिथे बांधणी तपासावी. आतली नळी आणि बाहेरचे आवरण, दोन्ही वेगवेगळ्या नायलॉनच्या पट्ट्यांनी आवळलेली असावीत. दर चार फुटांवर किमान दीड इंच रुंदीच्या पट्टीचा आधार द्यावा आणि दोन आधारांमध्ये दर फुटामागे अर्ध्या इंचाहून जास्त झोळ राहू देऊ नये. कोणताही डक्ट मातीपासून किमान चार इंच वर असावा. आवरण लांबवर फाटले असेल तर ठिगळे न लावता तो भाग बदलणेच योग्य.

उघड्या मातीतून सतत ओल वर येत असेल तर चांगले गुंडाळलेले डक्टही किती काळ टिकतील? म्हणून जमिनीवर 6 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचे पॉलिथीन अंथरावे, तुकडे एकमेकांवर किमान सहा इंच चढवावेत, सांधे चिकटपट्टीने बंद करावेत आणि कडा भिंतीवर सहा इंच वर न्याव्यात. याच राज्यात प्रिन्सव्हिल गावी 12 घरांवर झालेल्या अभ्यासात पायाच्या भिंतीतल्या हवेच्या झडपा बंद करून नीट सील केलेल्या क्रॉलस्पेस उघड्या झडपांच्या क्रॉलस्पेसपेक्षा कोरड्या राहिल्या आणि थंडी-उष्णतेसाठी लागणारी ऊर्जाही सुमारे 15 टक्के किंवा अधिक वाचली. तो मोठा आणि खर्चिक निर्णय आहे. पण पुढे कधी तो घेतलात तरी आज केलेले डक्टचे काम वाया जाणार नाही.

एक परिणाम मात्र आधीच लक्षात घ्यावा. आजवर गळक्या डक्टमधून निसटणारी उष्णता हिवाळ्यात क्रॉलस्पेस थोडी उबदार ठेवत होती. ती थांबल्यावर तिथले पाण्याचे पाइप अधिक थंड पडतील. म्हणून त्याच फेरीत पाइपांना फोमची नळी चढवावी आणि झडपांसमोरून जाणाऱ्या पाइपांकडे विशेष लक्ष द्यावे.

आर्द्रता दाखवणारा छोटा बिनतारी मापक खाली तुळईला अडकवून त्याचा आकडे दाखवणारा भाग वर स्वयंपाकघरात ठेवावा. कामानंतरच्या पहिल्या जुलै महिन्यात, एअर कंडिशनर काही तास चालल्यानंतर, एका दमट दुपारी पुन्हा खाली उतरून प्रत्येक डक्टच्या पोटाखालून उघडा हात फिरवावा. जिथे हात ओला होईल तिथे खडूने खूण करावी, यंत्र बंद करून तो भाग वाळू द्यावा, आणि त्या जागेची फॉइल उघडून सांधा मॅस्टिकपासून पुन्हा करावा.